पाहुणी म्हणून किती दिवस राहणार?

*ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातली, वय २७, कृषी पदवीधर. एका संस्थेच्या कडधान्य प्रकल्पासाठी मलावीत आले आहे. दक्षिणेला मुलांजे जिल्ह्यातल्या एका खेड्यात, एका कुटुंबात राहते. ऑगस्टच्या सुरुवातीला आले, फेब्रुवारीपर्यंत मुक्काम आहे. घरातली बाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, पदरात तीन मुलं. सगळे इतकं चांगलं वागतात की मलाच अवघडायला होतं. मला खुर्ची, त्या चटईवर. मला आधी वाढणार, मग त्या जेवणार. पोरं मागून ‘म्वेन्ये, म्वेन्ये’ ओरडत येतात. आणि रोज कुणीतरी काहीतरी मागतं. साबण, ओढणी, फोन, मुलाच्या शाळेचा खर्च. ऑफिसनं बजावलंय की कुणाला काही द्यायचं नाही. नाही-नाही म्हणून जीव दमला. मला इथे मैत्रिणी हव्या आहेत. की असं परक्या गावात होतच नाही?*
*– वऱ्हाडची पाहुणी*

प्रिय पाहुणे,

होतं. आधी हे सांगून टाकते, म्हणजे बाकीचं निवांत वाचशील.

मलावीतल्याच ब्लँटायर शहरात आमचा बरीच वर्षं संसार होता. मी शाळेत शिकवायचे आणि सुट्टी लागली की सोबतच्या शिक्षिकांच्या गावी, थ्योलो-मुलांजेकडे मुक्कामाला जायचे. त्यामुळे तुझी ती खुर्ची मला चांगली ठाऊक आहे. पुष्कळदा ती घरातली एकुलती एक असते, कधी शेजारून मागून आणलेली. ती नाकारू नकोस. ‘मी खालीच बसते’ म्हणून आपण साधेपणा दाखवायला जातो आणि समोरचीला वाटतं, आपला मान हिनं परत केला. चटईवर बसायला तिथे निमित्त लागतं, आणि ते निमित्त म्हणजे काम. सध्या तुझ्या अंगणात नांदोलो, म्हणजे आपली तूर, वाळत पडली असेल. झोडपणं, पाखडणं, निवडणं चाललं असेल. सूप उचल आणि बस. कुणी काही म्हणणार नाही, फार तर हसतील. डिसेंबरात पाऊस लागला की न्ख्वानी येईल, म्हणजे भोपळ्याचा कोवळा पाला. त्याचा देठ मोडून साल हळूच खाली ओढायची, की पानाच्या शिरेपर्यंत दोरे निघून येतात. मग चिरून, टोमॅटो घालून शिजवायचा आणि वरून न्सिंजिरो पेरायचं. ते दुसरंतिसरं काही नाही, शेंगदाण्याचं कूट! वऱ्हाडातल्या मुलीला हे कुणी शिकवायला नको. तरीही शिकून घे. त्या बायकांच्या टोपलीत ढीग झालेला असेल आणि तुझ्या पुढ्यात चार पानं, यावर दोन दिवस गावभर हशा पिकेल. पिकू दे. पाहुणीची टिंगल कुणी करत नसतं.

जेवायला हाताने बसतेस ना? चमचा मागत असलीस तर आजपासून बंद कर. न्सिमाचा, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचा, गोळा हातात वळून न्दिवोला, म्हणजे कालवणाला, लावून खायचा, हे आपल्याला जन्मजात येतं. गोऱ्या पाहुण्यांना ते शिकायला आठवडा जातो. धाकटं पोर हातावर पाणी घालायला आलं की घाई करू नकोस, नीट धू. देताना-घेताना उजवा हात, आणि डावा हात उजव्याच्या कोपराला टेकलेला, किंवा सरळ दोन्ही हात. कुणाच्या अंगणात शिरताना बाहेरूनच ‘ओडी!’ म्हणून हाक घालायची, आतून ‘ओडिनी’ आलं की पुढे व्हायचं. रस्त्यात भेटलेल्या प्रत्येकाची विचारपूस पुरी करायची. मुली ब्वांजी, न्दिली ब्विनो, काया इनू. त्याला दोन मिनिटं लागतात आणि तुझी मीटिंग दोन मिनिटं उशिरा सुरू होते, तर होऊ दे. मीटिंगला येणारी माणसंही रस्त्यात तेच करत असतात.

आणि जीन्सवर चितेंजे गुंडाळ. दोन मीटर छापील कापड, कोणत्याही बाजारात मिळतं. मलावीचे पहिले राष्ट्राध्यक्ष हेस्टिंग्ज बांडा यांच्या राजवटीत बायकांना पँट घालायला कायद्यानेच बंदी होती. ती १९९० च्या दशकात उठली. शहरातल्या मुली आता काहीही घालतात, पण खेड्यात आजही कमरेला चितेंजे नसलेली बाई डोळ्यांत येते. पहिलं चितेंजे विकत घेऊ नकोस. घरातल्या बाईकडे माग, चार दिवसांपुरतं. का, ते पुढे सांगते.

तुझं खरं दुखणं मागण्याचं आहे, तिकडे येऊ.

ऑफिसचा नियम आपल्या जागी बरोबर आहे. प्रकल्पाची बियाणं, पोती, प्रवासभत्ते यांतून तू ओळखीपाळखीनं कुणाला काही देऊ लागलीस तर तीन महिन्यांत गावात दोन तट पडतील. पण तोच नियम तू ज्या घरात झोपतेस त्या घराला लावलास तर तू तिथे भाडेकरू होशील, दुसरं काही नाही. आणि मुळात एक गोष्ट विचारून घे: तुझ्या राहण्याखाण्याचे पैसे संस्था त्या कुटुंबाला देते का, किती, कुणाच्या हातात? शेजाऱ्यांना तो आकडा ठाऊक असतो, पाहुणीला तेवढा नसतो. पैसे देत असतील तर ती तुझं करते ते काम म्हणून करते, आणि त्याच्यावर जे करते ते जिव्हाळ्यानं. देत नसतील तर तुझ्या ताटातला प्रत्येक घास तिच्या पोरांच्या वाट्यातला आहे. दोन्हीत वागणं वेगळं लागतं.

आता तिथलं मागणं कसं असतं ते बघ. मीठ, विस्तव, चमचाभर तेल, कुदळ, मोबाइलमधले ‘युनिट’ (रिचार्ज) हे सगळं त्या गावात दिवसभर एकीकडून दुसरीकडे फिरत असतं. तुझी यजमानीण सकाळी जिच्याकडून मीठ आणते तीच दुपारी हिच्याकडे पीठ मागायला येते. कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही, आणि ‘आज नाहीये गं’ म्हटल्यावर कुणी रुसतही नाही. तू आलीस, तुझ्याकडे चार वस्तू जास्त दिसतात, म्हणून तुलाही विचारून बघतात. रस्त्यात अनोळखी माणूस फोन मागतो तेव्हा हसून ‘मग मी आईशी कशावर बोलू?’ म्हण, तोही हसेल आणि पुढे जाईल. शेजारीण साबण मागते तेव्हा अर्धी वडी कापून दे. घरातल्या बाईनं तर, मला वाटतं, सगळ्यांत कमी मागितलं असेल. बघ आठवून.

पण पाहुणे, पत्र दोनदा वाचलं, त्यात एक गोष्ट कुठेच सापडली नाही. तू त्यांच्याकडे काय मागितलंस?

आपल्याकडे शेजारच्या काकूंची वाटी आली की आई ती रिकामी परत करत नाही, हे तू घरी पाहिलं असशील. पण ती त्याच दिवशी परतही करत नाही. दोन-चार दिवस वाटी आपल्या फळीवर राहते, आपण काकूंचे देणेकरी राहतो, आणि तेवढ्यात एक येणंजाणं होतं. परक्या गावात मात्र आपण सगळ्यांचा हिशेब तिथल्या तिथे चुकता करायला निघतो. केळी दिली की लगेच बिस्किटांचा पुडा, पाणी आणून दिलं की लगेच पाकीट. किंवा मग तुझ्यासारखं, नियमावर बोट ठेवून काहीच नाही. दोन्हीचा अर्थ एकच होतो: माझं तुमच्याकडे काही अडलेलं नाही. जिचं आपल्याकडे काही अडत नाही तिच्याशी मैत्री कशी करणार? म्हणून चितेंजे माग. कुदळ माग. केस विंचरून वेणी घालून माग. बोअरवेलवर बादली डोक्यावर कशी चढवायची ते शिकव म्हण. आणि मग राहा थोडी देणं लागत. बाजाराच्या दिवशी येताना साखरेचा एक किलो, कपडे धुवायच्या साबणाची लांब कांडी, मीठ, गोडेतेलाची छोटी बाटली आण आणि तिच्याच हातात दे, पोरांच्या नाही, चारचौघींसमोर नाही. टी-शर्टांची पोती वाटत फिरू नकोस. ते काम करणारे पुष्कळ येऊन गेलेत आणि त्यांची नावं कुणाला आठवत नाहीत.

शाळेच्या खर्चाचं जरा जपून. फेब्रुवारीनंतर जे चालू ठेवता येणार नाही ते अंगावर घेऊ नकोस. वह्या, एकदाचा गणवेश, इतपत ठीक. दरमहा पैसे पाठवीन असा शब्द देऊन तुझ्यासारखी भली माणसं परत जातात, नंबर बदलतात आणि मागे एक पोर अर्ध्यात अडकतं.

बचत गट तुला माहीतच आहेत. तिथे त्याला ‘बँकी म्खोंडे’ म्हणतात, पडवीतली बँक. आठवड्याला बायका जमतात, पैसे टाकतात, आपसात कर्ज देतात, आणि बहुतेक ठिकाणी वर्षअखेरीला वाटप होतं. बैठकीला बसायची परवानगी माग आणि यवतमाळच्या गटात व्याज किती, हप्ता चुकला तर काय, बँकेचा माणूस कसा बोलतो ते सांग. त्या विषयावर कुठल्याही भाषांतराशिवाय बायका तासभर बोलू शकतात, असा माझा अनुभव आहे. भाग घ्यायला मात्र जाऊ नकोस. तुझा एक हप्ता त्यांच्या दहा जणींएवढा होईल आणि गटाचा तोल जाईल.

घर कुणाचं आहे हे एव्हाना कळलं असेल, नसेल तर सांगते. त्या भागातल्या लोम्वे लोकांत कूळ आईकडून चालतं. जमीन आईकडून लेकीला मिळते, लग्न झाल्यावर नवरा बायकोच्या गावी राहायला येतो. म्हणजे ज्या चुलीवर तुझा चहा होतो ती चूल, ते अंगण, ती तूर तिची आहे. तो बाहेरून आलेला. आणि मोठे निर्णय पुष्कळदा तिचा भाऊ किंवा मामा घेतो. तेव्हा तिची आई जवळपास राहत असेल, राहतच असणार, तर तिच्याकडे जाऊन बस. मामाला एकदा भेट. तुला विचारतील, लग्न झालं का? नसेल तर का नाही? आणि तुमच्याकडे मुलगी घर सोडून जाते, वर तिचा बाप पैसे देतो, हे खरं का? उत्तर देताना तुझी फजिती होणार आहे. त्या गप्पांइतकी मजा कुठल्या प्रशिक्षणात येत नाही.

‘म्वेन्ये’ म्हणजे त्यांच्या लेखी भारतीय, आणि तिथे भारतीय म्हणजे दुकानदार. इंग्रजांच्या काळापासून आपले लोक, मुख्यत: गुजराती, तिथे खेड्यापाड्यांत दुकानं टाकून होते. १९७० च्या दशकात बांडा सरकारनं त्यांना खेड्यांतून उठवलं आणि मोजक्या शहरांतच धंदा करायला लावलं. तेव्हापासून खेड्यातल्या माणसाला भारतीय दिसतो तो लिंबे-ब्लँटायरच्या गल्ल्याच्या पलीकडे, नाहीतर हाताखाली माणसं राबवताना. वागणूक नेहमीच चांगली असते असं मी म्हणणार नाही. आपल्या घरांत तिथल्या मोलकरणीशी कुठल्या सुरात बोलतात ते मी ऐकलेलं आहे. २०१८ मध्ये ब्लँटायरला गांधीजींचा पुतळा उभारायला तिथल्या लोकांनी विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि काम थांबलं. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत काळ्या लोकांबद्दल तरुणपणी काय लिहिलं होतं हे त्या लोकांनी वाचलेलं होतं. हे तुला कुणी विचारलंच तर घाईघाईनं बचावाला उभी राहू नकोस, ऐकून घे. पोरं ‘म्वेन्ये’ ओरडतात त्यात मात्र वाईट काही नाही. थांब, त्यांना आपलं नाव सांग, त्यांची विचार. चार दिवसांनी नावानं ओरडतील. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर पोरी नेटबॉल खेळत असतील तर तिकडे वळ. मलावीच्या मुलींचा संघ २०१९ च्या विश्वचषकात जगात सहावा आला होता, तिथे नेटबॉल हा पोरखेळ नाही. तुला चेंडू झेलता आला नाही तरी चालेल.

आता तूर. तुझ्याकडे जे आहे ते इतर कुणा पाहुणीकडे नाही, आणि तू पत्रात त्यावर एक ओळही लिहिली नाहीस. तुझ्या यवतमाळात तूर, हिच्या अंगणात तूर, आणि हिची तूर शेवटी लिंबेच्या डाळमिलमार्गे किंवा सरळ पोत्यातून आपल्याच बाजारात उतरते. ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्या सरकारनं तूर आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली आणि तिकडे नांदोलोचा भाव कोसळला. का कोसळला हे गावात कुणी धड सांगितलं नव्हतं. व्यापारी आलेच नाहीत किंवा आले ते मातीमोल भावानं मागायला लागले, एवढंच बायकांनी पाहिलं. त्याच वर्षी आपल्याकडे काय चाललं होतं? तुरीचं विक्रमी पीक, बोनस धरून हमीभाव ५,०५० रुपये, बाजारात त्याहून कितीतरी कमी, आणि खरेदी केंद्रांवर बारदाना नाही म्हणून दिवसेंदिवस ताटकळलेले ट्रॅक्टर. तुझ्या घरचा नाहीतर शेजारचा कुणी त्या रांगेत नक्की होता. हे तिला सांग. फोनवर घरच्या शेताचे फोटो असतील तर दाखव, वडिलांना व्हिडिओ कॉलवर घे आणि दोघांना एकमेकांची तूर दाखवू दे. तुझ्या बापालाही पावसाची वाट बघावी लागते, त्यालाही व्यापारी लुबाडतो, हे कळेपर्यंत तू तिच्या दृष्टीनं विमानातून उतरलेली श्रीमंत बाईच राहणार. आम्ही बाहेर गेलो की घरचं सगळं चांगलंच सांगतो, तेवढं टाळ.

यात एक पथ्य पाळायचंच. भावाबद्दल कुठलाही शब्द द्यायचा नाही. तू कडधान्याच्या प्रकल्पातली आणि त्यात भारतीय, म्हणजे अर्धं गाव तुला खरेदीदार समजत असणार. २०२१ मध्ये भारतानं मलावीकडून पाच वर्षं दरसाल ५०,००० टन तूर आणायचा करार केला, त्याची मुदत २०२५-२६ पर्यंतचीच. पुढचं दिल्ली ठरवेल, तू नाही. हे जमिनीवर आकृत्या काढून सांगावं लागलं तरी सांग. मग एखाद्या संध्याकाळी वरण कर. त्या लोकांकडे नांदोलो सालासकट अख्खी शिजवतात, मीठ-टोमॅटो घालून, न्सिमाबरोबर. सालं काढलेली डाळ खेड्यात सहसा घरी करत नाहीत. जात्याखालची डाळ, हळद, वरून लसणीची फोडणी असं तिच्या चुलीवर, तिला विचारून, तिच्याच भांड्यात कर. आवडेलच असं नाही. माझ्या एका सहकारी शिक्षिकेच्या आईनं माझं वरण चाखून शांतपणे विचारलं होतं, ‘हे आजारी माणसाला देतात का?’ तिखट हवं असेल तर ‘नाली’ नावाच्या तिथल्या मिरचीच्या सॉसचे दोन थेंब घाल, ठेच्याची आठवण येईल.

आणखी दोन-तीन गोष्टी, ज्यांत हयगय चालत नाही. तू आल्या आल्या गावच्या प्रमुखाला, म्हणजे म्फुमुला, भेटली असशील. तो किंवा ती, कारण तिथे बायकाही हे पद सांभाळतात. शेजारच्या गावात जायचं झालं तरी आधी तिथल्या प्रमुखाच्या कानावर घाल, आणि अंधार पडल्यावर एकटी फिरू नकोस. २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात याच मुलांजे-फालोम्बे भागात माणसांचं रक्त शोषणारे फिरतात अशी अफवा उठली, जमावानं काही निरपराध माणसं ठार मारली, आणि संयुक्त राष्ट्रसंघानं आपले कर्मचारी तिथून तात्पुरते हलवले होते. वाचून नाक मुरडावंसं वाटलं तर पुढच्याच वर्षी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना आपल्या लोकांनी काय केलं ते आठव. अशा वेळी परक्या माणसाला वाचवते ती गावातली ओळख. कुणी विषय काढला तर वाद घालू नकोस, हसूही नकोस.

गावात मयत झालं की काम बंद. शेतात कुणी जात नाही, तुझी प्रात्यक्षिकंही होणार नाहीत. वेळापत्रक बाजूला ठेव, चितेंजे नेस आणि घरातल्या बाईच्या मागोमाग जा. बायका आत बसतात, पुरुष बाहेर. ती पीठ नेईल, लाकडं नेईल. तू काय न्यायचं ते तिला विचार आणि तेवढंच ने. काही बोलावं लागत नाही. तू येऊन बसलीस हे सगळ्या गावाला दिसतं. मार्च २०२३ च्या फ्रेडी वादळात मुलांजेच्या डोंगराखाली घरंच्या घरं चिखलात गेली, देशभरात मेलेले आणि न सापडलेले मिळून हजारावर माणसं. कुणाच्या घरात काय घडलं ते तू होऊन विचारू नकोस. सांगायचं तेव्हा त्या सांगतील, बहुधा चालता चालता. कारण तू कुणाकडून निघालीस की ती अर्ध्या वाटेपर्यंत सोडायला येईल. ‘कशाला त्रास’ म्हणून तिला दारातून परत पाठवू नकोस. घरात चार माणसांपुढे न निघणारं बोलणं त्या वाटेवर निघतं.

आणि महिन्यांचा हिशेब ठेव. मका एप्रिल-मेमध्ये घरात येतो. डिसेंबर उलटला की पुष्कळ घरांतली कणगी तळाला लागते, मार्चपर्यंत ओढाताण असते. तुझे शेवटचे दोन महिने नेमके त्यातच पडतात. तेव्हाही ती तुला आधी वाढेल आणि भरपूर वाढेल, काही बोलणार नाही. त्या वेळी मात्र देण्याघेण्याचा फार विचार करत बसू नकोस. डिसेंबर संपायच्या आत मक्याचं ५० किलोचं पोतं आण, ‘माझ्या जेवणाचं’ म्हणून घरात ठेव, आणि ताटात थोडं कमी घे.

कोंबडी खातेस की नाही, हेही तू लिहिलं नाहीस. खात नसशील तर आजच सांगून टाक, त्या घरच्या कोंबड्या मोजक्या असतात आणि निरोपाच्या दिवशी त्यातली एक तुझ्यासाठी ठरलेली आहे.

– ताई